चांगुणेच्या बांधाला मूठभर चिखल

जरा बाजूने या, त्या फुगवट्यावर पाय देऊ नका. डावीकडे खाडी, उजवीकडे आमची मिठागरं. मधला बांध सगळीकडे दोन हात रुंद, इथेच तेवढा बैलगाडी जाईल एवढा. याला चांगुणेचा बांध म्हणतात.

आम्ही मोरखारचे आगरी जात्याच संशयी. समुद्र अडवून जगणाऱ्याला तसं व्हावंच लागतं. कोळीवाड्याशी आमचं जुनं वाकडं. त्यांच्या बायका खेकड्यांसाठी बांध उकरतात, त्या बिळांतून भरतीचं पाणी शिरतं आणि पिकलेलं मीठ विरघळतं, असं आमचे लोक म्हणत. अगदीच खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

असं सांगतात, की एका चैत्री पुनवेला भर दुपारी उधाण चढत होतं. वाफ्यांत वर्षाचं मीठ तयार, नुसतं उचलायचं बाकी. पहाऱ्यावरच्या धाया पाटलाला कोळीवाड्यातली चांगुणा दिसली. गुडघे टेकलेले, कोपरापर्यंत हात बांधात, शेजारी खेकड्यांची टोपली. तो धावत आला.

"खनत नाय, बुजवतंय," ती म्हणाली. "आधी चिखल टाक."

चोर तर चोर, वर शिरजोर, असंच धायाला वाटलं. त्याने दंड धरून तिला मागे खेचलं. तिचा हात बाहेर आला आणि त्या हातामागून खाडी आली. बांध फुटला. चांगुणा लोंढ्यात गेली, मीठही गेलं.

ओहोटी लागल्यावर टोपली बांधावर होती तशीच सापडली म्हणे. धायाने आत पाहिलं. खेकडा एकही नव्हता. बुजवायला आणलेला चिखल काठोकाठ भरला होता.

त्याने पाटीलकी सोडली आणि मरेपर्यंत इथे चिखल थापला. तो माझ्या आज्याचा आजा. मला त्याची लाज वाटते, आणि कीवही येते.

आजही आमच्याकडे बांधाशी कुणी वाकलेलं दिसलं, की आधी आपण मूठभर चिखल लावायचा, मग विचारायचं. तुम्ही सकाळपासून टेप घेऊन बांध मोजत हिंडताय, ते मी पाहतोय. कोणी पाठवलंय, कशासाठी मोजताय, हे मला विचारायचंच आहे.

ही माझी मूठ लावली. आता तुमची लावा, मग विचारतो.