ढाण्या कुणाचा?

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात हैबतराव नावाचे बागायतदार राहत. केळीची मोठी बाग, बागेला लागून घर आणि घराभोवती दगडी कुंपण. ते गावच्या पंचांपैकी एक होते. चावडीत त्यांच्या शब्दाला वजन होते.

हैबतरावांनी ढाण्या नावाचा कुत्रा पाळला होता. पिल्लू असल्यापासून त्यांनी त्याला मुद्दाम तापट केले होते. अर्धपोटी ठेवायचे, काठीने डिवचायचे, अनोळखी माणूस दिसला की अंगावर सोडायचे. एकदा ढाण्याने एका गोसाव्याची पोटरी फोडली. गोसावी परगावचा. रक्त पुसून तो निमूट निघून गेला आणि हैबतराव मिशीत हसले.

त्यांची सून तुळजा म्हणाली, "मामंजी, दिवसा तरी त्याला बांधून ठेवावं. दारात माणसं येतात-जातात."

"बांधलेलं कुत्रं कसली राखण करणार?" हैबतराव म्हणाले. विषय तिथेच संपला.

त्याच गावात सगुणाबाई नावाची कासारीण होती. घरोघरी जाऊन ती बायकांच्या हातात बांगड्या भरायची. तिचा हात फार मऊ. कितीही घट्ट बांगडी असो, समोरच्या बाईला कळायच्या आत ती मनगटावर चढलेली असायची. नवऱ्याची दृष्टी गेली होती, मुलगी अजून लहान होती. सगळे घर तिच्या उजव्या हातावर चालत होते.

तुळजाला सातवा महिना लागला. डोहाळजेवणाला हिरवा चुडा हवा, म्हणून तिने सगुणाबाईला बोलावणे धाडले. सगुणाबाई टोपली घेऊन आली. फाटकाशी थांबून तिने हाक दिली, "सूनबाई, येऊ का आत?"

"या ना काकू," तुळजा ओसरीवरून म्हणाली. ढाण्या सासऱ्यांबरोबर बागेत गेला असेल, असे तिला वाटले होते.

ढाण्या गोठ्यामागे होता. सगुणाबाई अंगणाच्या मध्यावर पोहोचली आणि तो झेपावला. तिने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. ढाण्याने तोच धरला. टोपली पडली, अंगणभर काचा झाल्या. तुळजा ओरडत धावली, गडी धावले, तेव्हा कुठे तो हात सुटला.

कुत्रा पिसाळलेला नव्हता, एवढेच सुदैव. वैद्यांनी जखम भरून आणली, पण हाताच्या शिरा तुटल्या होत्या. दोन बोटे कायमची ताठ झाली. सगुणाबाईने एक-दोन घरी बांगड्या भरून पाहिल्या. बांगडी फुटली, बाईच्या मनगटातून रक्त आले. मग तिला कुणी बोलावेना.

हैबतरावांनी तिच्या घरी हळद आणि शेरभर तांदूळ पाठवले. गड्याला ते म्हणाले, "कुत्र्याला रानात नेऊन मार. म्हणजे मिटलं."

हे सगुणाबाईच्या कानावर गेले. तिने निरोप पाठवला, "मुक्या जिवाला मारून माझी बोटं वळायची नाहीत. मी चावडीवर येते." तेव्हा कुत्र्याला मारायचे राहिले.

चावडी भरली. हैबतराव पंचांच्या ओट्यावरच बसले होते. त्यांच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती. सर्वांत वयस्क पंच कोंडिबातात्या. त्यांनी विचारले, "हैबतराव, ढाण्या कुणाचा?"

"माझा."

"अंगण कुणाचं?"

"तेही माझंच. आणि म्हणूनच सांगतो, ही बाई न विचारता आत शिरली. माझ्या आवारात तिनं पाऊल टाकलं, त्याला मी काय करू?"

सगुणाबाई म्हणाली, "मी फाटकाशी हाक दिली होती. सूनबाईंनी 'या' म्हटलं, तेव्हा आत गेले."

तुळजाने हे त्याच दिवशी सासऱ्यांना सांगितले होते. त्यावर, याची कुठेही वाच्यता नको, असे त्यांनी तिला बजावले होते.

"तुळजाला पुढं बोलवा," तात्या म्हणाले.

बायकांच्या घोळक्यातून तुळजा पुढे आली. जड पावलांनी चालत, मान खाली घालून ती उभी राहिली. खरे बोलावे तर भर गावात सासऱ्याची लाज जाते, खोटे बोलावे तर पोटातल्या जिवासाठी चुडा घेऊन आलेल्या बाईचा घात होतो. एवढ्यात सगुणाबाईच्या डोक्यावरचा पदर घसरला. तो सावरायला तिने उजवा हात वर नेला. ताठ बोटांत पदर धरवेना. तो पुन्हा पुन्हा सुटत होता. शेवटी तुळजानेच तो नीट केला.

हैबतरावांनी ते पाहिले. ते ओट्यावरून उठले, पायऱ्या उतरले आणि सगुणाबाईसमोर जमिनीवर बसले.

"सुनेला विचारू नका," ते म्हणाले. "मीच सांगतो. तिनंच बोलावलं होतं. मला ते ठाऊक होतं, मी खोटं बोललो. कुत्र्याला चावायला मीच शिकवलं. गोसाव्याची पोटरी फोडली त्या दिवशी त्याला बांधलं असतं, तर आज हा हात धड असता."

कोंडिबातात्या म्हणाले, "न बोलावता आली असती, तरी आम्ही तुम्हालाच जाब विचारला असता. चावरं जनावर मोकळं सोडून दार उघडं ठेवायचा हक्क कुणालाच नाही, मग जमीन स्वतःची का असेना. तुमची शिक्षा तुम्हीच सांगा."

"हिची मुलगी हाताशी येईपर्यंत हिच्या घराचं पोट माझ्याकडे," हैबतराव म्हणाले. "वैद्याचा भारही माझाच. आणि आजपासून मला ओट्यावर बसवू नका."

पंचांनी ते मान्य केले. हैबतरावांनीही दिला शब्द पाळला. पुढची सारी वर्षे ते प्रत्येक सुगीला स्वतः धान्य घेऊन सगुणाबाईच्या दारी गेले. ढाण्याला पोटभर भाकरी मिळू लागली आणि दिवसा तो साखळीला राहू लागला. सगुणाबाईने शेजारी बसवून मुलीला बांगड्या भरायला शिकवले. कुठे दाबायचे, कुठे सैल सोडायचे, ते ती तोंडाने सांगे. हाताने दाखवणे तिला कधीच जमले नाही. धान्य दारी उतरवताना हैबतराव त्या हाताकडे एकदा पाहत आणि परत फिरत.

तात्पर्य: आपण पाळलेल्या जनावराने दुसऱ्याला इजा केली, तर दोष आपला असतो, भरपाई करणे हे कर्तव्य आहे, पण गेलेले सगळेच भरून येत नाही, म्हणून धोका ठाऊक असणाऱ्याने तो वेळीच आवरावा.