बिळाच्या तोंडाएवढी ओळ

त्या राज्यात वणवा उंचावरूनच दिसे, आणि उंची फक्त हत्तींकडे होती. म्हणून बाकीच्यांनी कुठून पळायचं, ते हत्ती ठरवत. तोंडी निरोप कायद्यात बसत नसे. हुकूम शिळेवर कोरला जाई, खाली थोरल्या हत्तीचं पाऊल उमटे, आणि बैल ती शिळा दारोदार ओढत नेत.

एका उन्हाळ्यात वारा फिरला. चिचुंद्री सभेत आली. घरी तिची पिल्लं नुकतीच डोळे उघडत होती.

"आजोबा, माझ्या बिळाचं तोंड तुमच्या नखाएवढं. शिळा टेकवली की दोनच शब्द दिसतात. पुढचे वाचायला ती सरकवावी लागते. कोण सरकवणार?"

"बीळ मोठं कर," थोरला म्हणाला. म्हातारे सोंडा हलवून हसले.

मुंग्या म्हणाल्या, "एकेक अक्षर आम्ही पाठीवर नेतो. मैदानात आडव्या ओळीत उभ्या राहू, बिळापाशी एकीखाली एक. मजकूर तोच. वाट तुटली तर मात्र पोचणार नाही, हे आधीच सांगतो."

"म्हणजे कुणाचंही बीळ आमची ओळ मोडणार?" थोरल्याने विचारलं. " आणि उद्या एखादी मुंगी बदलली तर? शिळा बदलत नाही."

हे खरं होतं. म्हातारेही बदलत नव्हते, आणि त्यालाच ते पुरावा म्हणत. शिळाच ठरली.

धुराचा वास आला तेव्हा बैलांनी शिळा बिळाला टेकवली. आतून दिसलं: 'बांबूवनाची वाट'.

"पुढे काय लिहिलंय? जरा सरकवा ना, दादा!"

"आम्ही ओढतो, बाई. वाचत नाही." बैल पुढच्या दाराकडे निघाले.

तिने नाकाने ढकललं. नाक सोललं, शिळा हलली नाही. धूर आत शिरू लागला. हत्तींनी वाट लिहिली आहे, म्हणजे धरायचीच असेल. नसेल तर? पिल्लं खोकू लागली. तिने शेपटी पुढे केली, पिल्लांनी ती रोजच्यासारखी एकामागे एक धरली, आणि ती रांग मागच्या भोकातून बांबूवनाकडे गेली.

वणवा विझल्यावर हत्ती पाहणीला आले. शिळा काळवंडली होती, पण थोरल्याने उभ्या उभ्या एका नजरेत वाचली: 'बांबूवनाची वाट सोडा, खडकाची धरा.'

"पाहा," तो म्हणाला, "ओळ कुठेही मोडलेली नाही."

खाली, त्याच्या नखापाशी, कुणी न सांगताच निघालेल्या, राख तुडवत उशिरा पोचलेल्या मुंग्या बिळाकडे तोंड करून एकीखाली एक उभ्या होत्या. अक्षरं सगळी जागेवर होती. त्या हलत नव्हत्या; आतून कुणी वाचून होईपर्यंत हलायचं नसतं.