वाढत्या मापाची सायकल

"...पण व्यायाम कुठला करू ते तरी सांगा ना, बाई. पाठीचा, की हातांचा?"

रणदिवेबाई अंगणातल्या दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या. त्यांनी एक चिमटा लावला. मग दुसरा.

"व्यायाम कशासाठी?"

"ही सायकल मला जमावी म्हणून."

बाईंनी भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. मग मंजिरीकडे. मग पुन्हा सायकलकडे.

"हं," एवढंच म्हणाल्या.

रणदिवेबाई तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. बाई डोंगराच्या कुशीत दोन खोल्यांत राहायला आल्या आणि जाड टायरच्या सायकलवरून दगडधोंड्यांतून उतरायला लागल्या. गावाने आधी कपाळाला हात लावला. मग गावातलेच काहीजण शिकायला यायला लागले. बाई फार बोलत नाहीत. बोलल्याच, तर माणूस घरी जाऊन विचार करतो, आणि विचार संपला की चिडतो.

मंजिरी त्यांच्याकडे नवीन होती. खाली बाजारपेठेत तिचं औषधांचं दुकान होतं. लहानपणापासून तिने दुकानाच्या, शाळेच्या, घराच्या खिडकीतून हाच डोंगर पाहिला होता आणि यंदा एकदाची डोंगरात चालवायची सायकल घेतली होती. आंबेखिंडीच्या पहिल्याच वळणावर ती पुन्हा पुन्हा पडत होती. कोपर सोललेलं, मनगटाला पट्टी. रविवारी सगळे मिळून खिंडीतून थेट नदीपर्यंत उतरणार होते. तिने ठरवून टाकलं होतं, या रविवारी जमलं नाही तर सायकल विकायची आणि पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही.

"वळण कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"वळण चांगलं आहे. माझंच चुकतं."

"कोण म्हणतं?"

"मीच."

बाईंनी आणखी एक चिमटा लावला.

"मी काही अगदीच नवखी नाही हं," मंजिरी म्हणाली. "वडिलांच्या मोठ्या सायकलवर शिकलेय. दांड्याखालून पाय घालून. सीटवर बूड टेकलं तेव्हा मी नववीत होते. मला कशाशीही जुळवून घेता येतं."

हे मात्र ती मान ताठ करून म्हणाली. खोटं नव्हतं ते. माहेरी आणि सासरी तिचं एकच कौतुक व्हायचं, मंजिरी कशातही भागवते. थोरल्या बहिणीचे फ्रॉक, जावेने नको म्हटलेली खोली, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाजी.

"सायकल कोणी निवडली?"

"मीच. दुकानात दोन होत्या. लहान आणि मोठी."

"लहानीवर बसून पाहिलंस?"

"पाहिलं की. बरोब्बर झाली."

"मग?"

"म्हणून मोठी घेतली."

बाईंनी टॉवेलाची सुरकुती हाताने सारखी केली.

आता यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे बरोब्बर होणारी वस्तू घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. गणवेश घ्यायचा तो दोन बोटं सैल. बूट घ्यायचे ते पुढे कापसाचा बोळा घालून. मूल वाढतं आणि वस्तू अंगाला येते, तोवर ती विटलेली असते. तरी पुढच्या वर्षी आपण पुन्हा तेच करतो.

"वय काय तुझं?"

"एकेचाळीस."

बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हसू नका ना, बाई."

"मी कुठे हसले?"

खरंच हसल्या नव्हत्या. त्यांनी मंजिरीची सायकल अंगणाच्या मधोमध आणली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "बस."

मंजिरी बसली.

"पाय पेडलवर. डोळे मिट."

"पडले तर?"

"मी धरलंय. पाठ तुला बरी वाटेल तशी ठेव. आता हात पुढे कर. सावकाश. जिथे हातांना बरं वाटेल तिथे थांब."

मंजिरीने हात पुढे केले. कोपरं थोडी वाकलेली, खांदे सैल. हात थांबले.

"बरं वाटतंय?"

"हो."

"उघड डोळे."

तिने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात हवेत होते. हँडल त्यांच्यापुढे चांगलं वीतभर लांब.

मंजिरी चटकन पुढे झुकली आणि तिने हँडल पकडलं. कोपरं काठीसारखी ताठ झाली.

"आत्ता कोण सरकलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"कोणी सांगितलं?"

दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने फडफडत होता. मंजिरीला एकाएकी रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला.

"मग काय, सायकल सरकणार आहे का?" ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

"विचारून बघ."

"दुकानदाराने दिलीय सरकवून. सीट पुढे घेतली त्याने. म्हणाला, झालं तुमचं काम."

"सीट सरकली. दांडा आखूड झाला का?"

मंजिरी सीटवरून उतरली. उतरताना दांडा लागला, तो रोजच लागायचा. ती चवड्यांवर उभी राहिली.

बाई आत गेल्या आणि स्वतःची सायकल घेऊन आल्या. जुनी, चिखलाने रंग उडालेली. दोघींची उंची सारखीच.

"एवढीशी?" मंजिरी म्हणाली. "पोरांची वाटते."

"दोन्हीकडे पाय टाकून उभी राहा."

मंजिरी उभी राहिली. दांडा खाली राहिला, वर तळहात मावेल एवढी जागा.

"टाचा बघ."

तिने खाली पाहिलं. टाचा जमिनीवर होत्या. रोज सायकल हातात घेतली की आपण चवड्यांवर उभ्या राहतो, हे तिला तेव्हा कळलं.

"बस. टाच पेडलवर. पेडल पार खाली जाऊ दे."

गुडघा किंचित वाकलेला राहिला. बाईंनी सीटखालची कळ सोडली, सीट जराशी उचलली, कळ दाबली. पाय सरळ झाला.

"चालवताना चवडा ठेव पेडलवर. उतारावर सीट पुन्हा खाली घे आणि पेडलवर उभी राहा. चल, वळणाकडे."

"लगेच?"

बाई चालायलाही लागल्या होत्या.

वळणाच्या वरच्या अंगाला मंजिरी थांबली. खाली तांबडी पायवाट, सुटे दगड, मग डावीकडे एकदम मुरड. मनगट दुखत होतं. तिने सीट खाली घेतली आणि बाईंकडे पाहिलं. बाई एका दगडावर बसून बुटातला खडा काढत होत्या.

मंजिरी सुटली.

ती पेडलवर उभी राहिली. कोपरं आपोआप वाकली. दगड आला तसे हात वर आले, दगड गेला तसे खाली गेले. मुरडीपाशी तिने डावीकडे पाहिलं, आणि चाक ती पाहत होती तिकडे वळलं.

बऱ्याच वेळाने ती सायकल ढकलत वर आली. हसत होती, आणि डोळे भरलेले होते.

"बाई, मी काही केलंच नाही."

"हं."

"मग इतके दिवस एवढा जोर कशाला लावत होते मी?"

"हँडलपर्यंत पोचायला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बुटाची नाडी बांधली.

शनिवारी मंजिरी मोठी सायकल घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने ओरखडे पाहून तोंड वाकडं केलं, पण बदलून दिली. लहान सायकलवर तिला बसलेली पाहून त्याला राहवेना.

"ताई, अगदी बरोब्बर होतेय हो. थोडी वाढती नको?"

"नको," मंजिरी म्हणाली. "माझी वाढ झाली."

हे म्हणताना तिला लाज वाटली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळी सगळे खिंडीच्या तोंडाशी जमले. धुकं वर सरकत होतं आणि खाली नदीचा वाकडा पट्टा दिसायला लागला होता. एकेक जण उतरायला लागला. दगडांचा आवाज यायचा, लांब जायचा, मग शांत व्हायचं.

शेवटी मंजिरी आणि बाई राहिल्या.

मंजिरीने सीट खाली घेतली. पाय टाकून उभी राहिली. टाचा जमिनीवर होत्या. हात हँडलवर ठेवले, कोपरं सैल सोडली. सगळं जसं असायला हवं तसं होतं. तरी बोटं ब्रेकवर घट्ट आवळलेली होती, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"बाई..."

"हं."

"सायकल बदलली. सगळं बरोब्बर झालं. पण भीती वाटतेच अजून."

बाईंनी तिच्या टाचांकडे पाहिलं. मग कोपरांकडे. मग ब्रेक आवळलेल्या बोटांकडे, जरा जास्त वेळ.

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "आता तीही तुझ्या मापाची आहे."