शेवट फोडायचा नाही

वाचनालयाची जागा अध्यक्ष अण्णासाहेब कदमबांड्यांच्या मालकीची. त्यामुळे त्यांच्या कादंबरीच्या सत्कारात सभासदांनी तोंड भरून स्तुती केली. उरल्या फटकळ कुमुदिनीबाई. यंदाची एक नवी कादंबरी त्यांनी “निम्मी कापली असती तर झकास” म्हणून परत केली होती, तर दुसरीच्या नादात आमटी करपवली होती.

“आमची कशी वाटली?” अण्णासाहेबांनी विचारलं. ग्रंथपालांनी बाईंना डोळ्यांनीच जागेची आठवण करून दिली.

“सांगते. पण न वाचलेल्यांपुढे शेवट फोडणं बरं नव्हे. ज्यांनी पुरी वाचलीय, त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. अण्णासाहेब स्तुती करणाऱ्यांकडे बघतच राहिले.

“मग सगळ्यांची वाचून झाली की सांगेन,” म्हणत बाई खाली बसल्या.

ग्रंथपाल निर्धास्त झाले. तोवर जागेला काही धोका नव्हता.