धरण्यातली पेज

श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी नदीकाठच्या कासारखेड गावी होता. तिथे सखोबा कोष्टी नावाचा त्यांचा एक साधाभोळा भक्त राही. त्याचा माग चालायचा, पण घर चालत नव्हते. जोंधळ्यासाठी एकाकडून कर्ज काढावे, ते फेडायला दुसऱ्याकडून काढावे, असे करता करता सगळे देणे गुणाजीशेट सावकाराकडे येऊन साचले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच!

एके सकाळी गुणाजीशेट सखोबाच्या ओट्यावर धरणे धरून बसले. त्या काळची रीत अशी, की सावकार दारात बसला की तो उठेपर्यंत देणेकऱ्याच्या घरी चूल पेटवायची नाही. बसणाऱ्यानेही उपाशीच राहायचे. शेटजी मात्र भरपेट न्याहारी करून आले होते, आणि उपरण्यात लाडूही बांधून आणले होते. एवढ्याशा लाडवाने देवाला फसवता येते, असे काहींना वाटते.

सखोबाची लेक आत बाळंतीण होती. पोटात अन्न नाही म्हणून अंगावर दूध येईना आणि तान्हे रडून रडून दमले. शेजारी काही द्यायला धजेनात, कारण सारी आळीच शेटजींची देणेकरी. सखोबाची बायको गोदूबाई हात जोडून म्हणाली, "शेटजी, मला ठेवा उपाशी. लेकीपुरती पेज तेवढी शिजवू द्या."

"तुमचा महाराज आहे ना? त्यालाच सांगा शिजवायला!" शेटजी हसले.

कुणी बोलावले नव्हते, तरी दुपारी महाराज आले. शेटजींच्या शेजारीच ओट्यावर बसत ते म्हणाले, "गोदूबाई, रीत मोडायची नाही. चूल पेटवू नकोस. कण्या आणि पाणी घालून मडके मात्र चुलीवर ठेव."

थंड राखेच्या चुलीवर गोदूबाईने मडके चढवले. थोड्याच वेळात आतून रटरट ऐकू येऊ लागली. शेटजींनी उठून डोकावले, तर चुलीत ठिणगी नाही आणि मडक्यात पेज उकळते आहे! लेक जेवली, तान्ह्याला पाजले, घर शांत झाले.

इतक्यात शेटजींची बायको उमाबाई नातवाला कडेवर घेऊन धापा टाकत आली. "अहो, तुम्ही निघाल्यापासून आपली चूलच पेटेना! शेजारचा विस्तव आणला, तो उंबऱ्यातच विझला. पोर भुकेनं कासावीस झालंय."

शेटजींनी उपरणे चाचपले. लाडू त्यांनी मघाशीच भिंतीकडे तोंड करून संपवले होते.

महाराज म्हणाले, "शेटजी, धरण्याचा उपास दोघांचा असतो. तुम्ही पाळला नाहीत, म्हणून तो तुमच्या घरी जाऊन बसला."

गोदूबाई सकाळपासून उपाशी होती. तरी मडक्यात उरलेली पेज वाटीत ओतून तिने ती शेटजींच्या नातवाच्या ओठाला लावली. पोर घटाघटा प्याले.

शेटजींची मान खाली गेली. "गोदूबाई, ही वाटी मी कशी फेडू?"

"अहो, लेकराच्या पेजेला कुणी व्याज लावतं का?" ती म्हणाली.

शेटजींनी व्याज सोडल्याचे तिथेच सांगितले. महाराजांनी सखोबालाही सोडले नाही. "मुद्दल खरे आहे, ते विणून फेड. पण एकाचे काढून दुसऱ्याला देऊ नकोस."

शेटजी महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "पेज आमच्या घरची नव्हती," ते म्हणाले.

तेव्हा गुणाजीशेट वळले आणि सखोबाच्या उंबऱ्याशी, गोदूबाईपुढे, त्यांनी डोके टेकले.