लाल दिवा आणि म्हातारा पंप

ट्रकचे सुटे भाग आपसात बोलत, त्या काळची गोष्ट. यमाजीच्या जुन्या ट्रकमध्ये रज्जाक मिस्त्रीने एक छोटा लाल दिवा बसवला. "डिझेलचा दाब कमी झाला की हा पेटेल. पेटला की गाडी थांबवायची," असं त्याने बजावलं.

टाकीतलं डिझेल इंजिनाकडे पाठवणाऱ्या म्हाताऱ्या पंपाला हे मुळीच रुचलं नाही. "वीस वर्षं राबलो, आणि आता माझ्यावर हा चुगलखोर बसवलाय," तो कुरकुरला.

एक दिवस गुळाच्या ढेपा भरून ट्रक घाट चढू लागला आणि पंपाला धाप लागली. कितीही जोर लावला तरी डिझेल पुढे सरकेना.

"बाळा, आजच्यापुरता गप्प बस," तो दिव्याला विनवू लागला. "यमाजीला कळलं तर मला भंगारात टाकेल."

"मी गप्प बसलो तर ऐन चढावर इंजिन बंद पडेल," दिवा म्हणाला, आणि पेटला.

यमाजीने ट्रक कडेला घेतला, चाकांमागे दगड लावले आणि पंपाच्या पुढचा, डिझेल गाळणारा फिल्टर उघडला. आत काळा चिखल साचला होता. "एवढ्या घाणीतून डिझेल ढकलत होतास होय रे," म्हणत त्याने पंपावर हात फिरवला. मग नवा फिल्टर घातला, नळीतली हवा काढली. ट्रक सुरू झाला, डिझेल सरसर पुढे गेलं आणि दिवा विझला. पंपाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

आता रोज सकाळी चावी फिरवली की डिझेलचा दाब चढेपर्यंत दिवा क्षणभर पेटतो. तो पेटलेला पाहिल्याशिवाय पंप कामाला लागत नाही.