राजा शिंकला तेव्हा

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका रानात तिरकोजी नावाचं साळिंदर राहत होतं. त्याला सात राज्यांची आणि एका राक्षसाची प्रचंड कादंबरी लिहायची होती. लेखण्या अंगावरच उगवत असल्यामुळे तशी अडचण काहीच नव्हती.

पण सुरुवात होईना. आधी त्याने सातही राज्यांचा नकाशा काढला. तो एवढा मोठा झाला की एक ससा त्यात तीन दिवस हरवला. मग त्याने राजाच्या घोड्यांच्या पणज्यांची नावं ठरवली. अशी बारा वर्षं गेली आणि पहिलं पान कोरंच राहिलं.

एके दिवशी म्हातारे कासवआबा निरोप घ्यायला आले. "तिरकोजी, तळं आटलं. मी दूर नदीवर निघालो. तुझी गोष्ट ऐकायची राहिली बघ."

तिरकोजी धडपडत आबांच्या वाटेत आडवा आला. गोष्टीची वाट बघणारे तेवढे एकच होते. "अहो आबा, पण अजून राज्याभिषेकाचा मुहूर्त ठरायचाय!"

"तो राहू दे. राजा या घडीला काय करतोय?"

"या घडीला? त्याच्या नाकात माशी शिरलीये."

"मग?"

"मग तो शिंकला आणि मुकुट विहिरीत पडला!" तिरकोजीने पाठीवरचा काटा उपटला आणि बोलता बोलता तेच लिहायला घेतलं. "विहिरीत राक्षस झोपला होता. मुकुट नेमका त्याच्या डोक्यावर बसला. दरबारी धावत आले आणि त्यालाच मुजरे करू लागले..."

आबांनी निघायला उचललेला पाय खाली ठेवला.

"जरा सावकाश सांग रे," ते म्हणाले. "मी अजून विहिरीत उतरतोय."